कॉलेजच्या वार्षिकांकाची सजावट: कल्पना कुठून घ्यायच्या?

कोकमसार

नमस्कार मंडळी,

मी टीवाय बीएला आहे, सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात. यंदा वार्षिकांकाच्या संपादक मंडळात विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझं नाव आलं आणि सजावट-मांडणी माझ्याकडे दिली आहे. अंक ९६ पानी, प्रती ६००. दरवर्षीच्या कथा-कविता-अहवालांबरोबर यंदा पहिल्यांदाच शेवटच्या वर्षाच्या १४० मुलामुलींचे फोटो आणि प्रत्येकाच्या दोन ओळी घालायच्या आहेत, इंजिनिअरिंगच्या कॉलेजांत यिअरबुक काढतात तसं.

पंधरा दिवस पिंटरेस्ट बघतेय. तीनेकशे चित्रं साठवली आणि आता सगळी सारखीच दिसायला लागली आहेत. पोलरॉइडच्या चौकटी, जलरंगाचे डाग, फिल्मची पट्टी, हवेत टोप्या उडवणारी मुलं. आमच्याकडे कुणी टोपी उडवत नाही. दुसरीकडे आमचे जुने अंक: उगवता सूर्य, उघडं पुस्तक, त्यातून उडणारे पक्षी. मला या दोन्हीतलं काही नकोय.

आई याच कॉलेजची. तिचा १९९६चा अंक अजून घरच्या फडताळात आहे. एनएसएसच्या ग्रुप फोटोत तिचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा आहे, तरी आल्यागेल्याला ती त्यावर बोट ठेवून दाखवते. यंदाचा अंकही तीस वर्षांनी कुणीतरी असा काढून दाखवावा, एवढीच इच्छा आहे.

कॅनव्हा बऱ्यापैकी येतं. इनडिझाइन कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, शिकतेय. कुठून सुरुवात करू?

फर्मा

धागा चांगला काढलास. मी तीस वर्षं छपाईत आहे, त्यामुळे मी उलट्या टोकाकडून सांगतो. चित्रं बघण्याआधी कागद, आकार आणि रंग ठरव. या तीन गोष्टी ठरल्या की निम्मी सजावट आपोआप ठरते.

आकार: डबल क्राउन म्हणजे २० बाय ३० इंचाचा कागद. त्याच्या एक अष्टमांशात साधारण सव्वासात बाय साडेनऊचं पान मिळतं आणि दोन्ही बाजू मिळून एका कागदात १६ पानं बसतात. तोच एक फर्मा. तुझी ९६ पानं म्हणजे बरोबर सहा फर्मे, कागद वाया जात नाही. ए-फोरचा हट्ट धरलास तर मोठा कागद घ्यावा लागेल. शिवाय ए-फोर अंक हातात घेतला की अहवालासारखा वाटतो, हे माझं मत.

रंग: चार रंगांना कागदाच्या प्रत्येक बाजूला चार प्लेटा लागतात, दोन रंगांना दोन. कॉलेजचं बजेट मला ठाऊक आहे. एक फर्मा चार रंगांत घे, तिथे स्नेहसंमेलन, सहली, चित्रकलेची पानं टाक. बाकी पाच फर्मे दोन रंगांत, काळा आणि तुझ्या पसंतीचा एक. दुसरा रंग विचार करून निवडलास तर हा अंक पूर्ण रंगीत अंकापेक्षा देखणा होईल.

पुढचं विचारशील तेव्हा सांगेन.

अक्षरवेडा

फर्माकाकांना अनुमोदन. माझी भर अक्षरांबद्दल.

मराठीत तुला प्रेरणा शोधायला परदेशी जायची गरज नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून साहित्य, चित्रं आणि जाहिराती एकाच अंकात कशा नांदवायच्या याचा अभ्यास आपल्याकडे शंभरहून जास्त वर्षं चालला आहे. वार्षिकांक हा त्याचाच धाकटा भाऊ. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं बघ. माणूस मूळचा मडगावचा, म्हणजे तुझ्या शेजारचाच. १९४५मध्ये त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. त्यांच्या चित्रांतल्या बायकांची सगळे तारीफ करतात, पण तू त्यांनी मोकळी सोडलेली जागा बघ. अंकाचं नाव कुठे बसणार हे चित्र काढतानाच ठरलेलं दिसतं.

दुसरं नाव कमल शेडगे. २०२०मध्ये गेले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं त्यांच्या हातची. नाटकाचं नाव नुसतं वाचून ते नाटक हसवणारं आहे की रडवणारं हे कळायचं, कारण ते अक्षरातच काढलेलं असायचं. तुमच्या अंकाचं नाव कुणाकडून तरी हाताने लिहून घे. फळ्यावर रोज सुविचार लिहिणारा एखादा मुलगा प्रत्येक कॉलेजात असतो. त्याला शोध.

आतल्या मजकुरासाठी एकच विनंती: मराठी वळणाची अक्षरं वापर. पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात हीच रूपं प्रमाण धरली आहेत, तरी निम्म्या अंकांत हिंदी वळणाचा ल-श सर्रास दिसतो, कारण फॉन्ट निवडताना कुणी बघतच नाही. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट फुकट आहे आणि लांब मजकुराला सुरेख दिसतो. शीर्षकांना आणि फोटोंखालच्या ओळींना 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापर. दोनच फॉन्ट, तिसरा नको.

आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला विसरू नकोस. नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते.

पानगळ

वाचते आहे. आमच्याही कॉलेजात हीच चर्चा चालू आहे.

ठसा

मी कलाशिक्षक आहे. वरचं सगळं बरोबर आहे, पण कोकमसारचा मूळ प्रश्न कल्पना कुठून आणायच्या हा आहे, त्यावर बोलतो.

एक आठवडा फोन बाजूला ठेव आणि कॉलेजात फिर. आधी ग्रंथालयात जा. जुने अंक माळ्यावर किंवा मागच्या खोलीत गठ्ठ्यात बांधलेले असतील. खिळ्यांच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईच्या काळातले असतील तर फोटोंचे ब्लॉक महाग पडत म्हणून चित्रं लिनो, म्हणजे लिनोलियमचा मऊ पत्रा, कापून केलेली सापडतील. मी एका कॉलेजात असा गठ्ठा सोडवला, तर १९७०च्या आसपासच्या अंकांत विद्यार्थ्यांनीच कापलेले लिनो होते. नांगर, होडी, एसटी. आज बघितले तरी ताजे वाटतात.

मग वर्गांत जा. कोकणातलं जुनं कॉलेज म्हणजे बाक लाकडी असणार आणि त्यांवर पिढ्यान्पिढ्या कर्कटकाने कोरलेली नावं असणार. पातळ कागद बाकावर ठेव, चारही कोपरे चिकटपट्टीने बसव. मेणखडूचं वेष्टण सोलून तो आडवा धर आणि हलक्या हाताने एकाच दिशेने फिरव. जोर देऊ नकोस, कागद फाटतो. हळूहळू नावं वर येतात, काळ्या मेणात पांढरी. अशी वीस-पंचवीस बाकं झाली की अंकाच्या आतल्या आवरणाला दुसरं काही लागणार नाही.

दुसरा रंगही तिथेच सापडेल. इमारत जांभ्या चिऱ्याची आहे का? पावसाळ्यात भिजलेल्या चिऱ्याचा रंग आणि उन्हाळ्यात सुकलेल्याचा रंग वेगळा असतो. दोन्हीचे फोटो काढून ठेव.

ठसे करायचे तर लिनोच हवा असं नाही. भेंडी आडवी कापलीस की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. हे आपण सगळ्यांनी पहिली-दुसरीत केलंय, ते विसरू नये.

आणि तू सिंधुदुर्गातली. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, तुझ्या दारात आहे. तिथून सुरुवात का करत नाहीस?

आडवण

गाववाल्या चेडवाचो धागो बघून बरां वाटलां. पण ठसा सरांचं शेवटचं वाक्य वाचून थोडी काळजी वाटली, म्हणून मनापासून लिहितो.

गंजिफा, चित्रकथी, वारली, यांची हल्ली फार ओढाताण होते. लग्नपत्रिकेच्या कडेला वारली, हॉटेलच्या मेन्यूवर वारली. कुणी काढली, कशासाठी काढतात, याचा पत्ता नसतो. इंटरनेटवरून गंजिफाच्या पानाचं चित्र उचलायचं आणि प्राचार्यांच्या मनोगताला चौकट करायची, असं कृपा करून नको.

पिंगुळीला माझं जाणं-येणं आहे. तिथले ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथ्या पिढ्यान्पिढ्या सांभाळून आहेत. परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्या पोथीतली चित्रं सुटी असतात, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक पान पुढे धरतो आणि त्या चित्रावरची कथा गातो. चित्र आणि कथा एकमेकांशिवाय अपुरी. त्यातला नुसता डोळा किंवा नुसती किनार कापून घेतली की मागे काय उरतं?

कुडाळहून पिंगुळी किती लांब? जा, बसा, विचारा. चित्र हवं असेल तर त्यांच्याकडून काढून घ्या, मोबदला द्या, अंकात नाव छापा.

कोकमसार

आडवणकाका, तुमचं म्हणणं पटलं. खरं सांगते, मी दोन दिवसांपूर्वीच गंजिफाच्या गोल चौकटीत प्रत्येक मुलाचा फोटो बसवून बघितला होता. १४० गोल. चांगला दिसतही होता. पण तुमचा प्रतिसाद वाचल्यावर पुन्हा बघितला, तर ती नुसती चिकटवलेली किनारच होती.

मग काय घ्यायचं? जवळ असून काहीच घ्यायचं नाही का?

ठसा

आडवण यांचा मुद्दा रास्त आहे. मी घाईत लिहिलं, चूक माझी.

घ्यायचं, पण नक्षी नको, रीत घे. दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी आकड्यांची. आकड्यांच्या पानांवर आकडा लिहीत नाहीत. मत्स्याच्या गटातल्या पंजीवर पाच मासे असतात, सत्तीवर सात. मोजायचं ते चित्र बघून. शिवाय पान गोल, त्यामुळे ते हातात कसंही आलं तरी वाचता यावं अशी मांडणी.

आता तुझ्या अंकाचे विभाग किती? समज आठ. पहिल्या विभागाच्या सुरुवातीच्या पानावर एक वस्तू, दुसऱ्यावर दोन, आठव्यावर आठ. आकडा कुठेच लिहायचा नाही. वस्तू तुमच्या कॉलेजातल्याच. यात तू कुणाची एक रेघही उचललेली नाहीस, पण सावंतवाडीचा माणूस अंक चाळेल तेव्हा ओळखेल.

चित्रकथीकडूनही असंच शिकता येईल. एका वेळी एकच चित्र, पूर्ण पानभर, आणि त्याचं सांगणं समोरच्या पानावर. एका पानात नऊ फोटो कोंबायची सवय त्याने जाईल.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत राहते, माझी मुलगी इथे हायस्कूलच्या यिअरबुकच्या चमूत होती. इथली सजावट तुझ्या कामाची नाही, पण कामाची पद्धत कदाचित होईल.

ते लोक आधी एक 'लॅडर' करतात. म्हणजे एका मोठ्या कागदावर सगळ्या पानांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आखायच्या आणि कुठल्या पानावर काय येणार ते लिहायचं. तो कागद भिंतीवर लावतात. समोरासमोरची दोन पानं नेहमी एकत्र बघायची, सुटं पान बघायचं नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन महिने तो कागद होता.

दुसरं, त्यांच्याकडे एक यादी असते: कोणता विद्यार्थी किती पानांवर दिसला. स्टेजवर नाचणारी, भाषण करणारी तीच पंधरा मुलं सगळीकडे दिसतात आणि मागच्या बाकावरचं पोर एकदाही येत नाही. मुलीने अशा चाळीस जणांची नावं काढून मुद्दाम त्यांच्यामागे हिंडून फोटो घेतले होते. तुझ्या आईच्या तांदळाच्या दाण्यावरून हे आठवलं.

आणि शेवटी कोरी पानं ठेवतात, एकमेकांच्या सह्या आणि निरोप लिहायला.

फर्मा

कोरी पानं ठेवणार असशील तर ती आर्ट पेपरवर ठेवू नकोस. त्याला चकाकीचा लेप असतो, बॉलपेन घसरतं आणि जेलची शाई बोटाला लागून पसरते. मॅपलिथो म्हणजे बिनलेपाचा साधा कागद; ८० किंवा ९० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) मॅपलिथोवर सही छान उमटते. माझ्या मते आतला सगळा अंकच मॅपलिथोवर घे आणि चार रंगांचा एक फर्मा तेवढा १३० जीएसएम आर्टवर. मुखपृष्ठाला ३०० जीएसएम कार्ड, मॅट लॅमिनेशन.

फोटोंबद्दल सांगायचं राहिलं. १४० मुलं १४० फोनवरून फोटो पाठवणार, कुणाचा पिवळा, कुणाचा निळा, कुणी लग्नातला कापून दिलेला. कितीही चांगली चौकट केलीस तरी ते पान विस्कटलेलं दिसणार. एकाच ठिकाणी, एकाच माणसाने, एकाच अंतरावरून काढा. सकाळी व्हरांड्यात, थेट ऊन येत नाही अशा जागी, मागे तीच चिऱ्याची भिंत. मांडताना सगळ्यांचे डोळे एका ओळीत आण. हनुवट्या नव्हे, डोळे. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार कमी होऊन छपाईत धुरकट येतात. छापायच्या मापाला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, पाहिजेत.

निळीशाई

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मुलांना रंग हवा असतो. आयुष्यात एकदाच येणारा फोटो दोन रंगांत छापला तर नाराजी होईल. माझ्या कॉलेजात झाली होती. त्यांना तो फोटो स्टेटसला ठेवायचा असतो. १४० जणांची पानं तरी रंगीत ठेवा.

कोकमसार

निळीशाईदादा, हा विचार माझ्याही मनात होता, म्हणून काल वर्गातल्या दहा जणांचे फोटो दोन्ही प्रकारे छापून नोटीसबोर्डाशेजारी लावले. दुपारपर्यंत गर्दी झाली. सुरुवातीला सगळ्यांना रंगीतच हवे होते. मग माझी मैत्रीण म्हणाली, की रंगीत पानावर पहिली नजर शर्टावर जाते आणि काळ्या-तांबड्या पानावर चेहऱ्यावर. कुणाचे कपडे नवे, कुणाचे रोजचे, हे दोन रंगांत कळत नाही. हे तिने म्हटल्यावर फार कुणी बोललं नाही. दोन रंग ठरले. रंगीत फोटो प्रत्येकाला वेगळा पाठवणार आहोत, स्टेटससाठी.

मास्तरीण

वार्षिकांकाच्या समितीवर मी अठरा वर्षं होते, आता निवृत्त. मुलीचा उत्साह बघून लिहावंसं वाटलं.

सजावटीइतकंच महत्त्वाचं, नावं. प्रत्येक नाव हजेरीपटाशी ताडून बघ आणि मग ज्याचं नाव त्यालाच दाखवून त्याच्यासमोर बरोबरची खूण करून घे. एका वर्षी आमच्या अंकात एका मुलीच्या फोटोखाली दुसरीचं नाव छापलं गेलं. दोष कुणा एकाचा नव्हता, घाई सगळ्यांचीच होती. ती मुलगी अंक न घेता गेली. मला ते अजून लागून राहिलं आहे.

मान्यवरांचे सत्कार, शाल-श्रीफळ हे फोटो टाळता येणार नाहीत, पण ते एकत्र एका जागी घेता येतात. समितीपुढे जाताना नुसती कल्पना सांगू नकोस, चार पानं छापून ने. आणि जाहिरातींची पानं आत्ताच नक्की कर, त्या शेवटच्या आठवड्यात येतात आणि सगळी मांडणी हलवतात. गावातल्या दुकानदारांना त्यांच्या पाटीवरच्या हाताने रंगवलेल्या अक्षरांतच जाहिरात करू का, असं विचारून बघ. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील.

अक्षरवेडा

मास्तरीणबाई, पाट्यांची कल्पना फार आवडली. फ्लेक्स आल्यापासून अशी रंगवलेली अक्षरं भराभर चालली आहेत, अंकात तेवढी तरी टिकतील.

कोकमसार

मंडळी, दीड महिन्याने लिहितेय. उशीर झाला, परीक्षा होत्या.

विभाग सात ठेवले. पहिल्यावर एक घंटा. शिपाईमामा वाजवतात ती, रुळाच्या तुकड्याची. दुसऱ्यावर दोन कौलं, तिसऱ्यावर तीन खडू, चौथ्यावर चार चाव्या (ग्रंथालयाच्या, त्यांतली एक कुठल्या कुलपाची ते कुणालाच माहीत नाही), पाचव्यावर पाच छत्र्या, सहाव्यावर सहा स्टीलचे डबे, सातव्यावर सात चपला. चपला प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच्या. एफवायच्या दोन मुलांनी लिनो कापून छापल्या. चपलांचा ठसा तीनदा बिघडला, चौथ्यांदा जमला.

पिंगुळीलाही जाऊन आलो, पाच जण. तिथे एका पोथीचं सांगणं ऐकलं. चित्र मागितलं नाही, पण त्या दिवसावर एक मुलगी लेख लिहितेय. तो चार पानांचा असेल आणि त्याची मांडणी ठसा सरांनी सांगितली तशीच, एका बाजूला पानभर फोटो आणि समोर मजकूर.

अंकाचं नाव बीकॉमच्या एका मुलाने लिहिलं. तो रोज फळा लिहितो हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं. त्याने चोवीस वेळा लिहिलं आणि आम्ही नववं निवडलं.

यादी केली तेव्हा ५२ जण कुठल्याच कार्यक्रमाच्या फोटोत सापडले नाहीत. बरेचसे लांबून एसटीने येणारे, दुपारची गाडी पकडायला निघून जाणारे. म्हणून दोन पानं फक्त एसटी स्टँडची केली. चौघी जणी रोज त्याच बाकावर बसून डबा खातात, तो फोटो मला अख्ख्या अंकात सगळ्यात जास्त आवडतो.

बाकांचे ठसे २६ झाले. ७ नंबरच्या खोलीत खिडकीकडच्या बाकावर मेणखडू फिरवताना एक होडी वर आली, शिडासकट, खाली '८८' आणि काही नाही. ती आतल्या आवरणावर मधोमध घेतली आहे. आईला प्रूफ दाखवलं तर म्हणाली, हा बाक आमच्या वेळी मुलींच्या बाजूला होता, ही होडी मी रोज बोटाने गिरवायचे.

फर्माकाका, एकच विचारायचं आहे. जांभ्याचा रंग पडद्यावर बरोबर वाटतो, कागदावर विटकरी येतोय.

फर्मा

पडद्यावर विश्वास ठेवू नकोस. चिऱ्याचा एक तुकडा घेऊन प्रेसमध्ये जा, ओला करून मशिनवाल्याच्या समोर ठेव आणि शाई समोर मिसळून घे. मॅपलिथो शाई पितो, सुकल्यावर रंग थोडा बसतो, म्हणून किंचित गडद ठेवायला सांग. त्याच कागदावर नमुना काढून, वाळल्यावर दिवसाउजेडी बघ आणि मगच हो म्हण.

एक प्रत माझ्यासाठी ठेव. पैसे पाठवतो.